पन्नासच्या आतल्यांनी बसून घ्या

"मला नाचायचं नाहीये. किती वेळा सांगू?"

"तुला नाच म्हणतंय कोण? उभं राहायचंय. माझा हात धरून उभं राहायचं आणि जरासं डुलायचं. वाऱ्यावर ऊस डुलतो तेवढं."

"गुडघा धरतो माझा."

"परवा शेडच्या छपरावर चढला होतास, तेव्हा नाही धरला?"

"छपरावर गाणं नव्हतं लावलेलं."

"ॲथल, माझ्या हातात सुरी आहे हां."

सुरी होती, पण बोथट, आयसिंग पसरायची. नोलीन ट्रँटर नातीच्या लग्नाच्या केकवर पांढऱ्या साखरेचा शेवटचा थर चढवत होती आणि ॲथल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आत येत नव्हता, बाहेरही जात नव्हता. त्रेपन्न वर्षांच्या संसारात तो असा चौकटीत बराच उभा राहिलेला आहे.

"जिंकू दे की दुसऱ्या कुणाला," तो म्हणाला. "एर्सिलिया गेली म्हणून आपला नंबर लागला. हे काय जिंकणं झालं?"

"एर्सिलियाच्या शवपेटीवर पहिली फुलं मी ठेवली. रडलेसुद्धा. आणि रडता रडता मनात आलं, चला, आता आपण. आलं तर आलं! तिलाही ठाऊक असणार. वरून हसली असेल ती मला."

"तू ना, नोलीन..."

"टालियाचं लग्न आहे. आपल्या नातीचं. वेन माइकवर आहे, आपला स्वतःचा मुलगा. सगळं गाव असणार. एकदाच म्हणतेय मी. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय?"

ॲथलनं चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखानं काढला.

"नाही."

"मग?"

"बरं."

"बरं काय?"

"राहीन उभा. शेवटपर्यंत."

"शब्द?"

"दिला म्हटलं ना, बाई. आता सही करून देऊ का?"

नोलीननं सुरी चाटली, आणि ती चाटते तेव्हा ती खूष असते हे आमच्या कॅसिडी क्रीकमध्ये कुणालाही विचारा.

आमच्याकडे लग्नात जेवण झालं, भाषणं झाली, दारू थोडी चढली, की हा नाच असतोच. माइकवरचा माणूस ओरडतो, लग्न झालेल्या सगळ्या जोड्या मैदानात या. सगळे येतात. दहा वर्षं एकमेकांशी न बोललेलेसुद्धा येतात, कारण नाही आलं तर लोक विचारतात. मग गाणं लागतं आणि माइकवरचा गाळत जातो. एका दिवसाच्या आतले बसा, म्हणजे नवरानवरी, तिथे हशा. पाच वर्षांच्या आतले बसा. दहाच्या. वीसच्या. मैदान मोकळं होत जातं, डोकी पांढरी होत जातात, आणि शेवटी एकच जोडी उरते. नवरी आपल्या हातातला गुच्छ त्यांना देते. माइक त्यांच्या तोंडासमोर धरतात, सांगा, कसं निभावलंत? म्हातारा काहीतरी वाह्यात बोलतो, म्हातारी त्याला चापट मारते. लोक डोळे पुसतात. बाकी लग्नात कोण काय नेसलं होतं ते विसरतात, पण शेवटी कोण उरलं होतं ते वर्षानुवर्षं सांगतात.

आमच्या गावात इतकी वर्षं जॅकोमो आणि एर्सिलिया फँटिन उरायचे. त्यांच्या अलीकडे, दुसऱ्या नंबरावर, ॲथल आणि नोलीन. एर्सिलिया गुच्छ छातीशी धरून नोलीनला म्हणायची, "थांब गं, मरू दे मला, मग घे." तिची बोलायची रीतच ती. गेल्या हिवाळ्यात मेली बिचारी.

पण नोलीनला त्या गुच्छाची एवढी ओढ का, हे जरा मागे गेल्याशिवाय कळायचं नाही.

ती इथलीच. बाप उसातला, आई उसातली, जन्म गळीत हंगामातला. कारखान्याच्या भोंग्यावर दूध पिऊन मोठी झालेली. विसाव्या वर्षी ॲथलशी लग्न केलं. तो उसाच्या रेल्वेचं इंजिन चालवायचा. उंच, लाजाळू, कानामागे कायम सिगारेट. दोन मुलगे झाले, डॅरिल आणि वेन. आणि लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा, हंगाम संपला त्या आठवड्यात, ॲथलनं एक सूटकेस भरली आणि दक्षिणेकडे गेला. किनाऱ्यावरच्या एका गावात कॅरव्हॅन पार्क, म्हणजे सुट्टीवाल्यांच्या चाकांवरच्या घरांचा तळ, चालवणारी कुणी बाई होती. तिच्याकडे.

वेन तेव्हा दोन वर्षांचा. डॅरिल नऊचा, त्याला समजत होतं.

नोलीन दोन दिवस घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी केस विंचरून दुकानात गेली आणि काउंटरवरच्या बाईला म्हणाली, "ॲथल धरणाच्या कामावर गेलाय. लांब आहे. पैसे बरे आहेत."

काउंटरवरची बाई म्हणाली, "हो का? चांगलंय." आणि पाव बांधून दिला.

तिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. स्टेशनवर त्याला दक्षिणेच्या गाडीत बसताना अर्ध्या गावानं पाहिलं होतं, आणि दक्षिणेला कुठे आलंय धरण! पण त्या दिवसापासून कॅसिडी क्रीकमध्ये ॲथल ट्रँटर धरणाच्या कामावर होता. पबमध्ये सुद्धा. दारू प्यायलेले पुरुषसुद्धा म्हणायचे, "ॲथलचं धरण अजून झालं नाही वाटतं," आणि हसायचे नाहीत. आमच्या गावात पुष्कळ वाईट माणसं आहेत, पण ही एक गोष्ट गावानं चांगली केली.

नोलीननं कारखान्याच्या कँटीनमध्ये काम धरलं. पहाटे मजुरांना अंडी तळून द्यायची, दुपारी घरी येऊन केक करायची. लग्नाचे केक तिनं तेव्हा सुरू केले. वाढदिवसाला मुलांना सायकल दिली ती "डॅडनं पाठवली" म्हणून. वेन अजून त्या सायकलीची गोष्ट सांगतो. धरणावरून ट्रकमधून आली होती म्हणे. रंग सुद्धा सांगतो.

त्या चार वर्षांत गावात लग्नं झाली. नाचाची वेळ झाली की नोलीन हॉलच्या स्वयंपाकघरात जायची आणि केक कापायला लागायची. कुणी बोलवायचं नाही.

मग एका रविवारी ॲथल मागच्या पायऱ्यांवर येऊन बसला. तीच सूटकेस. नोलीननं जाळीच्या दारातून बघितलं. किटली ठेवली. दोन कप काढले. बस. त्यावर पुढे दोघांत एक वाक्य झालं नाही. का गेलास नाही, का आलास नाही. ती बाई कोण, तिचं नाव काय, तेही तिनं विचारलं नाही. एकदा कुणीतरी सांगायला गेलं तर म्हणाली, "मला नावं लक्षात राहात नाहीत."

तो आल्यानंतर पहिलं लग्न होतं हॅलोरनच्या मुलीचं. नाचाची हाक आली. नोलीननं ॲप्रन सोडला, ॲथलच्या टेबलापाशी गेली आणि हात पुढे केला. सगळं गाव बघत होतं. म्हातारा हॅलोरन, कारखान्याचा फोरमन, स्वतःच माइकवर होता. पाच म्हणाला. दहा म्हणाला. ते दोघं उभेच. मग पंधरा म्हणायची वेळ आली आणि हॅलोरन अडखळला. लग्नाला पंधरा वर्षं आणि वर काही महिने झाले होते. पण धरणाची चार? ती धरायची की नाही? हे कोण ठरवणार? हॅलोरननं नोलीनकडे बघितलं, नोलीननं हॅलोरनकडे. "पंधराच्या आतल्यांनी बसून घ्या," तो म्हणाला, हळू. नोलीन हलली नाही. ॲथलच्या कपाळावर घाम. हॉलमध्ये खुर्च्या सरकल्याचे आवाज तेवढे.

तेव्हा एर्सिलिया जॅकोमोला ओढत त्यांच्या अगदी शेजारी आली, ढुंगणानं नोलीनला धक्का दिला आणि म्हणाली, "सरक ना गं मध्ये! कडेला काय नाचतेस चोरासारखी?"

नोलीन मध्ये सरकली. झालं. त्या दिवशी गावानं ती चार वर्षं मोजून टाकली. पुढे कुणी शंका काढली नाही. प्रत्येक लग्नात पंचवीसला ती दोघं उभी, तीसला उभी, चाळीसला उभी. नोलीनला सोनं नको होतं, सहलीला जायचं नव्हतं. तिला त्या नाचात उभं राहायचं होतं. आणि एकदा, एकदाच, शेवटी उरायचं होतं. म्हणजे सगळं पक्कं झालं असतं.

टालियाचं लग्न मे महिन्यात, हंगामाच्या आधी. ऊस डोक्याच्या वर गेलेला, हॉलच्या तिन्ही बाजूंनी हिरव्या भिंती. टालिया डॅरिलची मुलगी. नवरा लॅकी दक्षिणेचा, किनाऱ्याकडचा, त्याची माणसं दोन बसगाड्या भरून आली. दुपारी चर्च झालं, चार वाजता सगळे हॉलमध्ये. डुकराचं भाजलेलं मांस, सायीतले बटाटे, कोळंबीचे डोंगर. नोलीननं निळा ड्रेस शिवून घेतला होता, केस सेट केले होते, आणि तरी ॲप्रन बांधून स्वयंपाकघरात होतीच.

"नॅन, तू आज पाहुणी आहेस!" टालिया दारातून ओरडली. "बाहेर ये!"

"तुझा केक या बायकांच्या हातात देऊ? पावासारखा कापतील. तू जा, नवऱ्याकडे बघ, सैल सोडू नकोस."

तेवढ्यात एक बाई आत आली. सत्तरीची, हळदी रंगाचा ड्रेस, आखूड पांढरे केस, उन्हात भाजलेले दंड.

"गरम पाणी मिळेल का एक मग? आमच्या व्हॅलला चहाशिवाय नाच झेपत नाही. व्हॅल म्हणजे लॅकीची आजी. मी तिची धाकटी बहीण, ग्लेन."

"या की! मी नोलीन. टालियाची आजी."

बाईनं तिचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरला. "हो का," म्हणाली. "तुम्ही नोलीन." मग केककडे बघितलं. "हा तुम्ही केलात?"

"फळं तीन महिने भिजत होती. थांबा, कडा कापून ठेवल्यात, घ्या. या मी कुणाला देत नाही."

ग्लेननं उभ्याउभ्या तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. "ब्रँडी पाजलीय चांगली."

"केकला थोडी, मला थोडी."

दोघी हसल्या. पाणी घेऊन ग्लेन दारापर्यंत गेली, वळली, काही बोलेलसं वाटलं. पण "छान आहे हो सगळं," एवढंच म्हणाली आणि गेली.

"नवऱ्याकडची एक तरी बाई माणसात निघाली," नोलीन म्हणाली.

भाषणं झाली. डॅरिल रडला, सगळ्यांना वाटलंच होतं. मग वेननं माइक घेतला. वेन बोलायला लागला की थांबत नाही, म्हणून गावातली सगळी लग्नं त्याच्याकडे.

"चला, उठा! लग्न झालेले सगळे! टेबलाखाली लपलेले मला दिसतायत! माझं लग्न आपलं आपणच संपलं, म्हणून मी इथे सुरक्षित आहे. बाकीचे मैदानात!"

नोलीननं ॲप्रन काढला, ड्रेसवरून हात फिरवला. ॲथल मागच्या टेबलापाशी ग्लास फिरवत बसला होता. तिनं हात पुढे केला. त्यानं एकदा समोर बघितलं, नवऱ्याकडच्या टेबलांकडे, आणि उठला. लंगडत नव्हता.

"एका दिवसाच्या आतले बाहेर! ए लॅकी, तू रे तू! फुकट दमू नकोस!"

हशा. टालिया लॅकीला ओढत बाहेर गेली.

"पाचच्या आतले! दहाच्या! शाब्बास, पळा पळा! वीसच्या! काय गं ट्रेसी, एकोणीसच? मला तर साठ वाटली होती, तुझ्या नवऱ्याच्या तोंडावरून!"

"थांब, बाहेर भेट तू मला!" ट्रेसी ओरडली.

तीसला डॅरिल आणि त्याची बायको उतरले. डॅरिलनं जाता जाता आईच्या खांद्यावर थोपटलं. चाळीसला मैदानात चार जोड्या. पंचेचाळीसला एक गेली, उसातली नॉर्मा आणि तिचा नवरा. तीन उरल्या. आमचे ट्रँटर. कारखान्याचा जुना हिशेबनीस पर्सी आणि त्याची बायको. आणि नवऱ्याकडचे लॅकीचे आजीआजोबा, डेस आणि व्हॅल, एकमेकांना टेकून पडायच्या बेतात असल्यासारखे नाचत होते. नोलीनचा गाल ॲथलच्या शर्टाला लागलेला. ती डोळे मिटून हसत होती. आम्ही तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. अगदी विशीतली दिसत होती.

"आता खरी मजा!" वेन ओरडला. "पन्नासच्या आतल्यांनी बसून घ्या!"

पर्सीनं हात वर केले, "अठ्ठेचाळीस!" टाळ्या पडल्या.

आणि ॲथलनं नोलीनचा हात सोडला.

एक पाऊल मागे गेला. वळला. मैदानाच्या कडेकडे चालू लागला. सरळ, न लंगडता. नोलीनचे हात तसेच हवेत, एक त्याच्या खांद्याच्या उंचीवर, एक त्याच्या पंजाच्या. गाणं चालू. क्षणभर ती एकटीच डुलली सुद्धा. मग थांबली.

"ओ पॉप!" वेन हसला, नातवंडं मारतात तशी त्यानं बापाला हाक मारली. "कुठे निघालात? पन्नासच्या आतले म्हटलं मी! तुमची त्रेपन्न! म्हाताऱ्याला मोजता येईना, लोकहो!"

सगळे हसले.

"गुडघा," नोलीन म्हणाली. कोरड्या तोंडानं, पण ऐकू जाईल असं. "त्याचा गुडघा."

"खुर्ची आणा! खुर्चीवर बसून चालतं! नियम मीच करतो इथे!" वेन माइक घेऊन बापाच्या मागे पळाला. "बसा डॅड, बसून डुला!"

ॲथलनं मान हलवली. "नको. पन्नास भरत नाहीत."

तो हळू म्हणाला, पण माइक जवळ होता. हॉलभर गेलं.

तरुण पुन्हा हसले, म्हातारा गंमत करतोय म्हणून. पण पुढच्या टेबलांवर जी माणसं होती, हॅलोरनची मुलगी, दुकानातली म्हातारी, काठीवर हनुवटी टेकलेला जॅकोमो, ती हसली नाहीत. त्यांना वजाबाकी करायला वेळ लागला नाही. त्रेपन्नातून चार. जॅकोमोनं हळूच काठी जमिनीवर आपटली आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हणाला, ते देवाला उद्देशून नव्हतं. डॅरिल आईकडे बघत होता. वेन तेवढा कुणाकडेच नाही, कारण वेनच्या डोक्यात अजून धरण होतं.

गुच्छ डेस आणि व्हॅलला गेला. एक्कावन्न वर्षं. वेननं माइक धरला, व्हॅल म्हणाली, "मी रोज रात्री त्याला मारायचं ठरवते, आणि सकाळी तो चहा करून आणतो." हॉल कोसळला. तोवर नोलीन स्वयंपाकघरात होती. केक कापत होती, बोटाएवढे तुकडे, सारखे, एकही चुकत नव्हता.

ॲथल आला. चौकटीत उभा राहिला.

"नोलीन."

"दार लाव. माशा येतात."

त्यानं आत येऊन दार लावलं.

"मी राहणार होतो उभा. खरंच."

"राहिलास की. पन्नासपर्यंत."

"ती आलीय."

सुरी थांबली नाही. "कोण ती?"

"हळदी रंगाचा ड्रेस. व्हॅलची बहीण."

सुरी थांबली. नोलीननं बाजूच्या बशीकडे बघितलं. कापलेल्या कडांतल्या दोनतीन अजून उरल्या होत्या.

"तिला मी केक दिला," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं ती स्वयंपाकघरात..."

"कधी कळलं तुला? ती येणार हे?"

"साखरपुड्याला. लॅकी घरचे फोटो दाखवत होता."

"म्हणजे तू शब्द दिलास तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"मग कशाला दिलास?"

"वाटलं, जमेल. उभा होतो तोवर जमत होतं. मग वेन पन्नास म्हणाला आणि ती समोरच बसलेली, नोलीन. हातात कप. माझ्याकडे बघत नव्हती, कपात बघत होती. ती चार वर्षं मी तिच्याकडे होतो. तिच्या देखत ती तुझ्या खात्यात कशी घालू? खोटं झालं असतं ते."

"खोटं."

"हो."

नोलीन हसली. ते हसू ऐकवत नव्हतं.

"हॅलोरनकडच्या लग्नात घातलीस. फादरसमोर घातलीस. माझी आई मरायला टेकली होती, तिनं विचारलं, ॲथल धरणावर नीट जेवत होतास ना रे, तर हो म्हणालास. पोरांसमोर आयुष्यभर घातलीस. एवढ्या सगळ्यांसमोर खोटं चाललं तुला. तिच्या एकटीसमोर चालेना?"

ॲथल दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

"तिनं सांगितलं तुला उतर म्हणून?"

"छे. तिनं ओळखसुद्धा दाखवली नाही. चर्चच्या दारात म्हणाली, भेटून आनंद झाला, मिस्टर ट्रँटर."

"बघ. तिनं झाकलं. इथे आली, मला ओळखलं, माझा हात धरला, आणि झाकलं. काउंटरवरच्या बाईनं झाकलं. एर्सिलियानं झाकलं. अख्ख्या गावानं झाकलं माझं. आणि उघडं कुणी टाकलं? तू. माइकवर."

"मला तिचा अपमान..."

"तिचा!" सुरी ओट्यावर आपटली. बाहेर गाणं होतं म्हणून, नाहीतर हॉलभर गेलं असतं. "ती चार वर्षं लग्न कुणी सांभाळलं, ॲथल? तू तर नव्हतास त्यात. मी होते. एकटं माणूस असून लग्न होतं ते! अंडी तळत होते, सायकली आणत होते, तुझं धरण बांधत होते, एक एक वीट. दोघं असताना काय, कुणीही करतं लग्न. मोजायची तर तीच मोजायची. बाकीची सोड तू. हवी तर बाकीची एकोणपन्नास वजा कर. पण ती चार माझी होती."

ॲथलच्या डोळ्यांत पाणी आलं. तो चांगला माणूस आहे हो, म्हणजे वाईट नाही. त्यानं खुर्ची ओढली, बसला नाही, पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"मी खरं वागायचं म्हणून उतरलो."

"कुणाशी खरं?"

दार उघडून वेननं डोकं आत घातलं, लालबुंद, आनंदी. "अरे, फोटो! सगळे आजीआजोबा एकत्र, नवऱ्याकडचेही. टालिया थांबलीय. चला, चला. डॅड, काय झालं? आई?"

"आलो," ॲथल म्हणाला. "दोन मिनिटं दे."

वेन गेला. दार अर्धवट उघडं राहिलं. त्या फटीतून दिसत होतं, फोटोवाला माणसांना रांगेत उभं करत होता, उंच मागे, बुटके पुढे. कडेला ती, हळदी रंगातली, पर्स दोन्ही हातांत धरून, आपल्याला बोलावलं नसतं तर बरं झालं असतं अशी उभी.

"चल, नोलीन. पोरीसाठी."

नोलीननं सुरी पुसली. कापलेल्या तुकड्यांवर स्वच्छ फडकं झाकलं. हात धुतले, एकेक बोट.

"बोल तरी काहीतरी," ॲथल म्हणाला. "शिव्या दे. इतक्या वर्षांत तू एक शिवी दिली नाहीस मला. सूटकेस घेऊन पायऱ्यांवर बसलो होतो, तर चहा दिलास. तेव्हा हाकललं असतंस तर... मग काय, मी परत आलो तेच चुकलं, असं म्हणायचंय का तुला?"

नोलीननं निळ्या ड्रेसवरची साखर झटकली. हॉलच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि मागचं दार उघडून, उसाच्या बाजूनं, बाहेर निघून गेली.